एकट्याने कनूतून मूसची शिकार : बर्च क्रीक, अलास्का

उत्तरवारा

रानातल्या खाण्यावरच्या गप्पांमध्ये मी मूसच्या (हरणाच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी) मटणाचं लिहिलं होतं, तर बऱ्याच जणांनी विचारलं की एकट्याने कसं जमतं, भीती नाही वाटत का, एवढा मोठा प्राणी घरी आणायचा कसा. तिथे उत्तरं देत बसलो तर मूळ विषय बाजूला पडेल म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

मी फेअरबँक्सला राहतो, अलास्काच्या मधोमध. इथे सप्टेंबर लागला की ऑफिसातली निम्मी माणसं रजेवर असतात आणि कुणी कारण विचारत नाही. फ्रीझर भरायचा महिना आहे तो. अख्ख्या अलास्कात वर्षाला साधारण ६,००० ते ८,००० मूस शिकारीत मारले जातात आणि ते मटण घरोघरी खाल्लं जातं, शेजारीपाजारी वाटलं जातं. विकायला कायद्यानेच बंदी आहे.

मी जातो ती नदी बर्च क्रीक. फेअरबँक्सहून स्टीझ हायवेने निघायचं, ९४व्या मैलाला कनू (वल्ह्याची लांब निमुळती होडी) पाण्यात सोडायची आणि १४०व्या मैलाजवळ बाहेर यायचं. रस्त्याने पाहिलं तर ४६ मैल, पण नदी दक्षिणेकडून मोठा वळसा घालते त्यामुळे पाण्यातून जवळजवळ ११० मैल होतात. मध्ये गाव नाही, रस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही. १८९३ मध्ये याच खोऱ्यात सोनं सापडलं आणि माणसांची रीघ लागली होती, आज मात्र बऱ्याच ठिकाणी दिवसभरात एक माणूस दिसत नाही. १९८० साली नदीच्या या भागाला संरक्षित 'वाइल्ड रिव्हर' असा दर्जा मिळाला. एकट्या माणसाच्या दृष्टीने हिचा मोठा गुण म्हणजे दोन्ही टोकं रस्त्यावर आहेत. बाकी बऱ्याच नद्यांवर छोट्या विमानाने घडीची कनू घेऊन तळ्यावर उतरावं लागतं, त्याचा खर्च वेगळा आणि हवा बिघडली की अडकून पडायचं ते वेगळं. मला मित्र वरच्या टोकाला सोडतो, माझी गाडी आधीच खालच्या टोकाला लावलेली असते.

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतं की शिकार म्हणजे नेम. मूसच्या बाबतीत नेम हा सगळ्यात सोपा भाग आहे हो. पूर्ण वाढलेला अलास्कन नर ५४० ते ७२५ किलोचा असतो, खांद्यापाशी माणसाहून उंच. मोठ्या नरातून हाडं काढून नुसतं मांस सव्वादोनशे किलोच्या आसपास निघतं. मागची एक तंगडी हाडासकट पन्नास किलोच्या वर भरते. आणि त्यातलं खाण्यासारखं सगळं मांस बाहेर आणणं कायद्याने बंधनकारक आहे : चारही तंगड्या, पाठीचं मांस, मान, छाती, बरगड्यांमधलं सुद्धा. मांस रानात टाकून शिंगं घेऊन आलात तर तो गंभीर गुन्हा आहे, शिंगं मांसाच्या आधी जागेवरून हलवता देखील येत नाहीत, शेवटच्या खेपेबरोबर किंवा त्यानंतरच. मला हा नियम फार आवडतो. ज्याने कुणी तो केला त्याला नमस्कार.

म्हणून एकट्याने जायचं तर गोळी झाडायचा निर्णय हा खरं म्हणजे अंतराचा निर्णय असतो. हिशोब करून बघा. समजा मटणाच्या आठ खेपा झाल्या. कनूपासून शंभर मीटरवर मूस पडला तर आठदा भरलेलं जायचं आणि सातदा रिकामं परतायचं, म्हणजे दीड किलोमीटर. तोच एक किलोमीटरवर पडला तर पंधरा किलोमीटर, त्यातले आठ पाठीवर तीस-चाळीस किलो घेऊन, आणि ते पण सपाटीवर नाही. इथल्या जमिनीवर गवताचे गुडघाभर ठोंब असतात, मध्ये पाणी, पाय ठेवला की ठोंब कलंडतो. दोन माणसं असतील तर एक जण मुरगळलेला पाय घेऊन बसू शकतो, एकट्याला ती मुभा नाही. माझी मर्यादा ठरलेली आहे : काठापासून दोनशे पावलं. त्यापलीकडे कितीही देखणा नर उभा असू दे, रायफल खाली.

यंदा दोन नर बघून सोडले. एक तर तासभर डोळ्यांसमोर होता, पलीकडच्या उतारावर, पिवळ्या पडलेल्या विलोच्या झुडपांमध्ये शिंगं घासत. शिंगांवरची मखमली साल ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला गळते, याच्या एका शिंगावर अजून रक्ताळलेली चिंधी लोंबत होती, मान हलवली की ती डोळ्यावर यायची आणि तो चिडून झुडपाला धडका द्यायचा. मध्ये दलदल होती, निदान सहाशे मीटर. दुर्बिणीतून पोटभर पाहिला आणि पुढे निघालो.

जो घेतला तो वाळूच्या पट्ट्यामागे, काठापासून ऐंशीएक पावलांवर. संध्याकाळी हाक दिली होती, सकाळी त्याच जागी येऊन उभा राहिला. सोलायला आणि तुकडे करायला उन्हं कलेपर्यंत वेळ गेला. एकट्याला हा प्राणी उलटवता येत नाही, म्हणून मी पोट न फाडता करायची पद्धत वापरतो : वरचा पाय दोरीने झाडाला ताणून बांधायचा, वरच्या बाजूचं कातडं पाठीपासून खाली सोलत न्यायचं, पुढची तंगडी काढायची (तिला खांद्यात सांधाच नसतो, नुसत्या स्नायूंवर लटकलेली असते, सुरी फिरवली की सुटते), मग मागची, मग पाठ, मान, बरगड्या. मागच्या तंगडीचा खुब्याचा सांधा सापडला की सुरीचं टोक आत घालून एक शीर कापायची, चक्क आवाज होतो आणि सगळं वजन हातात येतं. एक बाजू मोकळी झाली की उरलेला भाग हलका होतो आणि मग दोरीच्या मदतीने पलटता येतो. थंडी असली तरी मांस आतून बराच वेळ गरम राहतं, हात त्याच्यावरच शेकले जातात.

प्रत्येक तुकडा सुती पिशवीत. प्लॅस्टिक अजिबात नाही, मटण घुसमटतं. रात्रभर आडव्या दांडीवर टांगायचं, वर ताडपत्रीचं छप्पर, बाजू उघड्या, म्हणजे वारा लागून वरून कोरडी पापडी धरते. त्या पापडीला माशा बसत नाहीत. कनूत सुद्धा तळाला विलोच्या फांद्यांचा थर द्यायचा आणि त्यावर पिशव्या, म्हणजे तळाशी साचलेलं पाणी मटणाला लागत नाही.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं लिहितो.

---

मुळशीकर

भारी लिहिलंय, एका दमात वाचलं. खेपांचा हिशोब तर डोक्यातच आला नव्हता कधी. दोन प्रश्न आहेत, एक म्हणजे हाक दिली म्हणजे नक्की काय केलंत, शिट्टी असते का काही? आणि दुसरं, सकाळी तो तिथेच येईल हे कसं कळलं?

---

उत्तरवारा

मुळशीकर, हाक तोंडानेच. मादीचा आवाज म्हणजे लांबलचक रडवेला हंबर, शेवटी खाली उतरणारा. नराचा म्हणजे घशातून आखूड हुंकार, थांबून थांबून. काही जण बर्चच्या सालीचा कर्णा करतात, मी हाताची ओंजळ करतो. पण माझ्या मते सगळ्यात गुणकारी म्हणजे वाळलेलं खांद्याचं हाड. मूसच्या फऱ्याचं ते चपटं हाड झुडपांवर घासलं की हुबेहूब शिंगं घासल्यासारखा आवाज येतो आणि नराला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा कुणी आलाय.

माज सप्टेंबरच्या उत्तरार्धात चढतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. हंगामाच्या सुरुवातीच्या आठवड्यात नर उत्तर देत नाहीत पण ऐकतात मात्र. मूसची नजर फारशी तीक्ष्ण नाही, कान आणि नाक विलक्षण. मैलभरावरून आलेला आवाज नक्की कुठून आला ते त्याला कळतं आणि मग तो त्याच्या सवडीने येतो, कधी तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी. त्यामुळे हाक देऊन कंटाळून निघून जायचं नाही. मी त्या रात्री आग पेटवली नाही, गार खाल्लं, आणि तंबू वाऱ्याच्या खालच्या अंगाला लावला. येईलच असं कळत नसतं हो, जागा धरून बसायचं एवढंच आपल्या हातात.

माज ऐन भरात आला की नर खाणं सोडतात, अंगाला उग्र वास येतो, मटणाला पण. म्हणून मला सुरुवातीचे दिवस बरे वाटतात.

---

थंडरबेची_सई

फार छान धागा. मी उत्तर ओंटारियोत राहते, आम्ही दोघं नवराबायको जातो, एकटी कधी गेले नाही. आमच्याकडचा फरक सांगते.

आमच्याकडे नदीपेक्षा तळी जास्त, आणि एका तळ्यातून दुसऱ्यात जायला पोर्टेज, म्हणजे कनू डोक्यावर उलटी घेऊन रानवाटेने चालायचं आणि मग सामानासाठी परत यायचं. जाताना ठीक आहे. येताना मूस असेल तर प्रत्येक पोर्टेजला सगळं मटण उतरवून वाहून पुन्हा भरायचं. त्यामुळे तुमचा अंतराचा नियम आमच्याकडे असा होतो की गाडीपासून किती पोर्टेज लांब. आम्ही एकाच्या पुढे शिकारीसाठी जात नाही, नुसतं फिरायला मग कितीही जाऊ. तुमची नदी एकदा घेतली की खालपर्यंत वाहवत नेते हे सुख आहे.

नियम पण वेगळे. अलास्काच्या रहिवाशाला बऱ्याच भागात सरळ हंगामात जाता येतं, ओंटारियोत टॅगसाठी, म्हणजे मूस मारायच्या परवान्यासाठी, अर्ज करावा लागतो आणि २०२१ पासून पॉइंट पद्धत आहे, जितकी वर्षं अर्ज करून मिळाला नाही तितके पॉइंट साठतात. रायफलच्या हंगामात भडक केशरी रंगाचं जॅकेट आणि टोपी सक्तीची. बंदुकीचं लायसन्स वेगळं, त्याचा कोर्स वेगळा, शिकारीचा कोर्स वेगळा. माझ्या कोर्सला मी एकटीच भारतीय होते पण शिकवणारे आजोबा इतके प्रेमाने शिकवत होते की दुसऱ्या दिवशीपर्यंत परकं वाटेनासं झालं.

एक विचारायचं होतं. कनू कुठली आणि एवढं वजन झेपतं का?

---

उत्तरवारा

सईताई, पोर्टेजचं वाचूनच पाठ दुखली, खरंच मानलं तुम्हाला दोघांना. फिरायला लांब आणि शिकारीला जवळ हे अगदी पटलं.

कनू सतरा फुटी, दोन माणसांची. एकट्याला छोटी सोलो कनू वल्हवायला छान वाटते पण मटण कुठे ठेवणार. मी, सामान आणि मूस मिळून साडेतीनशे किलोच्या वर जातं. जाताना मोठी कनू रिकामी असल्यामुळे वाऱ्यावर भिरभिरते, म्हणून पुढच्या सीटवर उलटं तोंड करून बसतो, म्हणजे मी मधोमधाच्या जवळ येतो आणि सामान समोर ठेवून तोल धरतो. येताना जड पिशव्या मध्यावर आणि जितक्या खाली जमतील तितक्या. पाण्याच्या वर काठ निदान वीतभर तरी दिसला पाहिजे, नाहीतर मी दोन खेपा करून अवघड टप्प्यातून मटण काठाने वाहून नेतो आणि कनू दोन टोकांना दोन दोऱ्या बांधून काठावरून हळूहळू सोडतो.

वरचे पहिले काही मैल उथळ आहेत, पाऊस कमी असेल तर कनूतून उतरून ओढत न्यावी लागते. मधल्या भागात तिसऱ्या श्रेणीचे रॅपिड्स, म्हणजे खडकांमधून उसळत जाणारं पाणी, आहेत. तिथे उतरून, चालत जाऊन, पाणी बघून मगच.

---

अनुजा_क

लेख चांगला आहे, माहिती पण. पण मला मनापासून सांगावंसं वाटतं की हे वाचताना त्रास झाला. तो तासभर शिंगं घासणारा प्राणी तुम्ही इतक्या प्रेमाने वर्णन केलात आणि दुसऱ्याला मारलात. दुकानात खायला मिळतं की आता तिकडे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली म्हणून निदान जे उरलंय ते उरलं. भांडायला नाही लिहिलेलं, खरंच समजून घ्यायचंय.

---

उत्तरवारा

अनुजाताई, त्रास होणं मला समजतं आणि तुम्ही सरळ लिहिलंत ते बरं वाटलं. मला सुद्धा तो पडल्यावर काही वेळ काही सुचत नाही. जवळ जाऊन बसतो, हात ठेवतो, मगच सुरी काढतो. ते व्हायचं थांबेल त्या वर्षी मी जाणं बंद करेन.

भारतातला कायदा योग्यच आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिथे जंगल किती उरलंय आणि माणसं किती. इथे परिस्थिती निराळी. राज्यात मूसची संख्या पावणेदोन लाखांच्या वर धरतात. अलास्का १९५९ साली राज्य झालं तेव्हा लागू झालेल्या घटनेतच लिहिलंय की मासे आणि वन्यजीव असे सांभाळायचे की उत्पन्न कायम राहील. त्यामुळे विमानातून गणना होते, शिकारीच्या त्या त्या विभागात किती नर, माद्या, पिल्लं ते बघून हंगाम ठरतो, आणि जिथे कमी झाले तिथे बंद. बऱ्याच ठिकाणी फक्त नर, काही ठिकाणी तर शिंगांचा पसारा ५० इंच असेल तरच किंवा कपाळाजवळच्या टोकांची संख्या ठराविक असेल तरच, म्हणजे मधल्या वयाचे नर वाचतात.

दुकानाचं म्हणाल तर इथल्या दुकानातलं बहुतेक सगळं अन्न हजारो मैलांवरून येतं. कुठल्यातरी गोठ्यात आयुष्य काढलेली गाय माझ्या ताटात यायच्या ऐवजी, हा त्याच्या रानात जगला आणि मी त्याचं खाण्यासारखं काहीच वाया घालवलं नाही, हे मला जास्त प्रामाणिक वाटतं. तुम्ही दोन्ही खात नसाल तर तुमचा मार्ग माझ्याहून वरचा आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

आणि आमच्या आधी हजारो वर्षं अथाबास्कन लोक इथे मूसवर जगलेत. त्यांच्यात माणूस गेला की पॉटलॅच, म्हणजे सगळ्यांना जेवू घालायचा विधी, होतो, त्यात मूसचं मटण लागतंच. मिंटो गावचे कार्लोस फ्रँक यांनी अशा एका विधीसाठी हंगाम नसताना मूस नेला म्हणून खटला झाला होता. १९७९ साली अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला, म्हणाले की हा धर्माचरणाचा भाग आहे. मला तो निकाल वाचून फार समाधान वाटलं होतं.

---

अनुजा_क

उत्तराबद्दल आभार. मला अजून जमणार नाही पण तुमचं म्हणणं पोचलं. पॉटलॅचबद्दल वेगळं लिहाल का कधी? आवडेल वाचायला.

---

ताडोबाचा_शेजारी

मी चंद्रपूरचा. आमच्याकडे तेंदूपत्ता आणि मोहफुलं वेचायला जाणारी माणसं वाघ-अस्वलाच्या रानात जातात ते गटाने, बोलत बोलत, कधी एकटं नाही. तुम्ही तर दिवसभर रक्तामांसात एकटे बसलात आणि तिकडे ग्रिझली अस्वल आहे. याचं काय करता?

---

उत्तरवारा

हाच खरा प्रश्न आहे. एकट्याला तुकडे करताना मान खाली असते, मागे बघायला दुसरा कुणी नसतो. म्हणून मोठ्याने बोलत राहतो, गाणी म्हणतो, आणि दर थोड्या वेळाने उठून चौफेर नजर टाकतो. रायफल हाताच्या अंतरावर, बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) कमरेला. स्प्रे बॅगेत असेल तर नसल्यासारखाच.

मटण आतड्यांच्या ढिगाजवळ ठेवायचं नाही. पहिली गोष्ट ते लांब, मोकळ्या वाळूवर न्यायचं, जिथे तंबूतून दिसेल पण तंबूच्या जवळ नसेल. सकाळी उठल्यावर सरळ चालत जायचं नाही, आधी लांबून दुर्बिणीने बघायचं, ताडपत्री जागेवर आहे का, पिशव्या हलल्यात का. उरलेल्या सांगाड्याकडे तर परत फिरकायचंच नाही. अस्वल एकदा त्यावर माती-पाला ओढून बसलं की ते त्याचं.

आणि मटणावरच येऊन बसलं तर? लांबून आवाज करून गेलं तर गेलं. नाही गेलं तर मी निघून जाईन, कितीही कष्ट झालेले असले तरी. जीव वाचवायला अस्वल मारावं लागलं तर त्याची कातडी आणि कवटी राज्याकडे जमा करावी लागते, कळवावं लागतं, आणि एक अस्वल फुकट मेलं हे मनाला लागतं ते वेगळंच. त्यामुळेच परत सांगतो, काठाजवळ. काठाजवळ पाडला की त्याच दिवशी सगळं कनूत भरून नदीने दोन वळणं खाली जाता येतं आणि रात्र वासापासून लांब निघते.

---

सनीवेलकर

वाचून जावंसं वाटतंय. मी अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. मला येता येईल का? बंदूक कधी हातात धरलेली नाही.

---

उत्तरवारा

तुमच्यासाठी दोन अडचणी. पहिली, अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही, त्याला एक अपवाद वैध शिकार लायसन्स असण्याचा आहे, पण चूक झाली तर व्हिसावर येईल, तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय बंदुकीला हातसुद्धा लावू नका. दुसरी, अलास्कात रहिवासी ठरायला सलग बारा महिने इथे घर करून राहावं लागतं, आणि जो अमेरिकन नागरिक नाही आणि अमेरिकेचा कायम निवासी पण नाही त्याला मोठ्या प्राण्यांच्या शिकारीला परवानाधारक गाइड सक्तीचा आहे.

नुसती नदी करायला या ना. ऑगस्टमध्ये रात्री अंधार पडायला लागतो, डास कमी झालेले असतात आणि ग्रेलिंग मासा गळाला सहज लागतो. त्याला रहिवासी असायची गरज नाही, मासेमारीचं लायसन्स ऑनलाइन मिळतं.

---

कुंडलिकाकाठ

मी कोलाडला राफ्टिंगमध्ये काम केलंय. एकट्याने गार पाण्याच्या नदीवर हे ऐकूनच पोटात गोळा आला. आमच्याकडे धरणातून सोडलेलं पाणी, कुणी पडलं तर हसत बाहेर काढतो. तिकडे पडलात तर?

---

उत्तरवारा

पाणी पाच-सहा अंशांचं असतं. पडल्यावर पहिलं मिनिट श्वास आवरायचा, नंतर दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, आणि साधारण तासाभराने शुद्ध हरपते. इथे शिकवताना हेच एक-दहा-एक असं शिकवतात. पण लाइफ जॅकेट नसेल तर पहिलं मिनिटच शेवटचं. म्हणून ते अंगातून निघत नाही, कनू ओढत असलो तरी. काडेपेटी, सुरी आणि सॅटेलाइट मेसेंजर हे तिन्ही जॅकेटच्या खिशात, कनूत नाही. कनू गेली तरी अंगावर जे आहे त्यावर रात्र काढता आली पाहिजे.

रॅपिड्सपेक्षा मला काठावरून आडवी पडलेली झाडं जास्त धोक्याची वाटतात. वळणाच्या बाहेरच्या बाजूला काठ ढासळतो, स्प्रूस पाण्यावर झोपतो, प्रवाह बरोबर तिकडेच खेचतो. तुम्हाला सांगायला नकोच. आतल्या बाजूने, मागे वल्हवत, कनूचा कोन धरून. दिसत नसेल तर आधीच काठाला लागायचं. बायकोला रोज संध्याकाळी ठरलेला एक मेसेज जातो, तो आला नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबून मग कुणाला फोन करायचा हे लिहून ठेवलेलं असतं.

---

वर्धेची_माई

दादा मला मेलं ते कनूबिनू काही कळत नाही, पण मटण शिजवता कसं ते सांगा की. चरबी असते का? बोकडासारखं लागतं का?

---

उत्तरवारा

माई, चरबी जवळजवळ नाहीच. बोकडाचा वास नाही, गोडसर आणि दाट लागतं. पाठीचं मांस तर नुसतं मीठ-मिरी लावून तव्यावर टाकायचं, आत लालसर असतानाच उतरवायचं, जास्त शिजवलं की चिवट होतं.

पायाच्या नळीचं मात्र उलट. त्यात शिरा खूप, पण त्यालाच खरी चव. मी सावजी मसाला लावून रात्रभर ठेवतो, सकाळी खसखस, सुकं खोबरं, भाजलेला कांदा वाटून, कुकरला मंद गॅसवर तासभर. हाड काढून सुद्धा रस्सा असा दाट होतो की भाकरी बुडवली की चिकटते. खिमा करायचा तर त्यात थोडी वेगळी चरबी घालावी लागते नाहीतर भुगा होतो. माझी आई आली होती तेव्हा तिने आधी नाही म्हटलं आणि मग नळी चोखत बसली, त्या दिवशी मला फार आनंद झाला.

---

थंडरबेची_सई

माई, जीभ आणि हृदय विसरू नका. जीभ उकडून साल काढून पातळ काप, वर लिंबू आणि हिरवी मिरची. उत्तरवारा, खसखशीचं करून बघते, आमच्याकडे मालवणी मसाल्याचं सुकं होतं नेहमी.

---

पावसाळी_सिअॅटल

माझा भाऊ अँकरेजला आहे, तो दरवर्षी मटण देऊ म्हणतो. विमानातून आणता येतं का? आणि मी शिकार केलेली नाही, मग माझ्याकडे सापडलं तर काही प्रॉब्लेम?

---

उत्तरवारा

येतं, सगळेच नेतात. पूर्ण गोठवलेलं, जाड पुठ्ठ्याच्या माशांच्या खोक्यात किंवा कूलरमध्ये, चेक-इनला, प्रत्येक खोकं ५० पौंडांच्या आत. बर्फ वितळून पाणी गळेल असं काही ठेवू नका, एअरलाइन घेत नाही.

कागद मात्र लागतो. ज्याने शिकार केली त्याने दुसऱ्याला मटण दिलं की ट्रान्स्फर ऑफ पझेशनचा फॉर्म भरायचा, त्यात त्याचं नाव, लायसन्स नंबर, कुठे आणि कधी शिकार केली, काय आणि किती दिलं, आणि दोघांच्या सह्या. शिकारीच्या नियमांच्या पुस्तकात कोरा फॉर्म असतो, साध्या कागदावर तेवढीच माहिती लिहिली तरी चालते. एक प्रत खोक्यात मटणावर ठेवा आणि एक तुमच्या पाकिटात.